ज्याच्याकडे कुणी बघत नाही

गाचासुता, मार्च १५८४
मका पेरणीचे दिवस

नेउता,

हे तू आत्ता वाचणार नाहीस. अंधारघरात दिवा नाही, ऊन नाही, आणि कुडाच्या फटीतून कवडसा आला तर आत्या तिथे चिखल लिंपते. तरी लिहितो. आत्या म्हणाली, "लिही बाबा, मी मडक्यात घालून आढ्याला टांगून ठेवते. बाहेर आला की वाचेल." तिला वाचता येत नाही, त्यामुळे मला मोकळेपणी लिहिता येईल. कागद फादर बेनितोंच्या बाप्तिस्म्याच्या वहीतून उरलेले आहेत. मी आता त्यांचा लेखनिक आहे. तू असतास तर तूच झाला असतास, तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. फादरना अजून वाटतं की तू शाळेतून पळून खालच्या गरम मुलखात गेलास. कधीमधी तुझी आठवण काढतात आणि तुझ्यासाठी प्रार्थना करतात. मीही 'आमेन' म्हणतो.

वाईट बातमी अशी की बाबा गेले. तुझे मामा गेले. यातलं कुठलं वाक्य आधी लिहावं हे मला कळलं नाही, म्हणून दोन्ही लिहिली. बाप माझा, पण आसन ज्याला मिळायचं तो भाचा तू. पहिला टाहो फोडायचा मान भाच्याचा, आणि भाचा अंधारात. सगळे एकमेकांची तोंडं बघत राहिले. शेवटी मीच सुरुवात केली, तर आत्याने मला चिमटा काढला. "मागे हो रे. तू नुसता मुलगा." मी मागे झालो. मग तुझ्या वतीने, तुझी आई म्हणून, तिने टाहो फोडला. मी घरी येऊन रडलो.

एक गोष्ट सांगतो, हसू नकोस. बाबांचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. प्रमुखाच्या तोंडाकडे बघायचं नाही म्हणजे नाही, मग तो बाप असला तरी. ते जेवायचे तेव्हा आम्ही भिंतीकडे तोंड करून बसायचो. मला त्यांचा आवाज ठाऊक होता, पावलं ठाऊक होती, पाठीवर ठेवलेला हात ठाऊक होता. आता पाहिलं तर नाक अगदी माझ्यासारखं. मला कुणी कधी सांगितलंच नाही.

पुजारी म्हणतो, हा पेरतोय तो मका घरात आला की ऊन आणि मीठ न शिवता अंधारात काढायची तुझी वर्षं भरली. मग तुझे कान टोचतील, नाक टोचतील, सोनं घालतील, आणि तू आसनावर बसशील. तोवर आसनावर सुती चादर टाकून ठेवली आहे. मी रोज तिच्यावरची धूळ झटकतो. एवढंच काम मला दिलंय.

तुझा गास्पार


जून, मक्याला भर घालताना

नेउता,

माझ्या डोक्यात नुसता काला झाला आहे, म्हणून आज उलटसुलट लिहिलं तर समजून घे.

फादरनी मला बोलावलं. शहरातून समुद्रापलीकडच्या राजाचा तपासनीस निघाला आहे. तो गावोगाव जाऊन माणसं मोजतो, जमिनी बघतो आणि प्रमुख कोण ते लिहून घेतो. ज्या गावाला प्रमुख नाही ते गाव उठवायचं, शेजारच्या गावात नेऊन वसवायचं, आणि रिकामी जमीन ज्याला हवी त्याला द्यायची. कुणाला हवी आहे ते तुला सांगायला नको. ओढ्यापलीकडच्या गोऱ्या जमीनदाराची, त्या आल्दानाची, गुरं आत्तापासूनच ओढ्याच्या अलीकडे चरतात. काल त्याचा गुराखी मला विचारत होता की ही माती खोल आहे का.

फादर म्हणाले, "घाबरायचं काय त्यात? तू प्रमुखाचा मुलगा. तूच बसायचं."

मी म्हटलं, "फादर, मी नुसता मुलगा आहे."

"नुसता म्हणजे? बापाचं ते मुलाचं. सगळ्या जगात असंच असतं."

"आमच्यात मामाचं ते भाच्याचं."

"तो भाचा तर पळाला ना?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मी शाईची दौत पुसत बसलो. ती स्वच्छच होती.

नेमका त्याच दिवशी माझा मामा आला, मिठाच्या ढेपी पाठीवर घेऊन. तुला आठवतो ना, बोटं भाजलेली, आवाज मडकं फुटल्यासारखा? त्याला फादरचं म्हणणं सांगितलं तर तो पोट धरून हसला. "अरे, बहिणीचं पोर बहिणीच्या पोटातून आलेलं सगळ्या गावाने बघितलेलं असतं. बायकोच्या पोराचं काय, ते बायकोलाच विचारायला लागतं. म्हणून भाचा! एवढी साधी गोष्ट त्या झगेवाल्याला कळत नाही?"

मग मला म्हणाला, "आणि तू कशाला भानगडीत पडतोस? तू माझा भाचा. माझी मिठाची भट्टी तुझी, खाऱ्या पाण्याचा झरा तुझा. चल माझ्याबरोबर. आसनावर बसून मीठ उकळत नाही."

बाबांच्या घरात मी कुणी नाही, मामाच्या घरात सगळं माझं, आणि फादरच्या पुस्तकात बरोबर उलटं. तिघांच्या मध्ये मी उभा. तुला रोज बिनमिठाचे बटाटे मिळतात, आणि मी मिठाचा वारस. तू बाहेर आलास की पहिला खडा मी देईन असं ठरवलं होतं. आता काहीच ठरवता येत नाही.

आत्याला सांगितलं नाही. ती तुझ्यासाठी रांधताना स्वतःच्या मडक्यातही मीठ घालत नाही, हे तुला माहीत आहे का? इतकी वर्षं.

गास्पार


ऑगस्ट, वाऱ्याचे दिवस

नेउता,

फादरचं म्हणणं घेऊन गावकी बसली. चघळायला कोकाची पानं वाटून झाली, मक्याची दारू झाली. मला वाटलं पुजारी मला झापणार. तो म्हणाला, "बसू दे पोराला."

आत्या उठली. "आणि माझा पोरगा? तो काय तिथे बुरशी धरायला बसलाय?"

"अगं, बसू दे म्हणजे शेतातल्या बुजगावण्यासारखं. पाखरं घाबरली की झालं. तपासनीस गेला की उतरायचं."

"देवाला काय सांगणार?"

तेव्हा पुजाऱ्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "आपण त्याच्या तोंडाकडे बघायचं. सगळ्यांनी. टक लावून. ज्याच्या तोंडाकडे गाव बघतं तो प्रमुख नव्हे, हे देवालाही कळतं आणि आपल्यालाही. राजाच्या माणसाला तेवढं कळत नाही."

सगळ्यांना हे फार आवडलं. आत्यालासुद्धा. मला कुणी विचारलं नाही.

मग तालीम झाली. चादर काढली, मला बसवलं, आणि सगळं गाव समोर उभं राहून माझ्याकडे डोळे फाडून बघायला लागलं. पोरांना हसू आवरेना. कुणीतरी म्हणालं, "नाकात शेंबूड आहे रे तुझ्या, प्रमुख!" मीही हसलो. आसन फार टणक आहे, नेउता, सांगून ठेवतो. कंबर धरते. तुझ्या वेळी खाली काहीतरी घालून घे.

तेव्हापासून गावात चालायची सोय राहिली नाही. ओढ्यावर जावं तर बायका हातातलं काम टाकून माझ्याकडे बघतात. म्हातारे वाटेत थांबून बघतात. आत्या तर अशी बघते की मला माझे कान मोठे झाल्यासारखे वाटतात. हे सगळं तुझ्यासाठी आहे, तुझी जागा तुझीच राहावी म्हणून. मला राग यायचं काही कारण नाही.

गास्पार


ऑक्टोबर. फादर म्हणतात अठरा तारीख, पण त्यांची खात्री नाही

नेउता,

आसन टणक नव्हतं. उगाच लिहिलं. बसलो आणि पाठ आपोआप सरळ झाली, हात कुठे ठेवायचे तेही हातांना कळलं. बाबांचे हात असेच असायचे का, मला माहीत नाही, मी कधी पाहिले नाहीत.

काल बाजारात एक परगावची बाई बटाटे विकत होती. तिला कुणीतरी सांगितलं असावं की मी प्रमुखाचा मुलगा, बसणार आहे. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. मान खाली घालून पाठ केली आणि तशीच बटाटे मागे सरकवले. बाकी सगळे टकामका बघत होते. मला आवडलं. आता हे मी कुणाला सांगू? फादरना सांगितलं तर म्हणतील शाब्बास. मामाला सांगितलं तर म्हणेल खुळा झालास. आत्याला सांगितलं तर ती मला पुन्हा कधी जेवायला घालणार नाही. उरलास तू. तू ऐकू शकत नाहीस म्हणूनच तुला सांगता येतं. आणि ज्याच्या जागेवर मी बसणार आहे तोही तूच.

मला तुझी जागा नको आहे. मला ती थोडीशी हवी आहे. दोन्ही खरं आहे, आणि ही दोन्ही वाक्यं खोडावीशीही वाटतात.

तपासनीस परवा येतो. कणसं भरत आलीत, पण कोवळीच आहेत. अजून दोन-तीन महिने मिळाले असते तर तुझी वर्षं भरली असती आणि हे सगळं तूच निस्तरलं असतंस. आल्दाना कालच शिकारीच्या कुत्र्यांसह येऊन राहिला आहे.

बाकी ठीक. आज संध्याकाळी एक मेंढरू शोधत तुझ्या टेकडीपर्यंत आलो होतो. सापडलं नाही. भिंतीपाशी थांबलो नाही. तिथे फक्त आत्या आणि पुजारी जातात, मला माहीत आहे.

गास्पार


डिसेंबर

नेउता,

मेंढरू हरवलंच नव्हतं.

हे तुला माहीतच आहे. त्या संध्याकाळी मी तुझ्या भिंतीला पाठ टेकून बसलो आणि सगळं बडबडलो. तपासनीस, आल्दाना, आसन, बटाटेवाली. गवताच्या छपराची धूळ नाकात जाऊन सारख्या शिंका येत होत्या. शेवटी म्हटलं, "मला काही कळत नाही, नेउता, तूच सांग." मी नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलं. तेव्हा आतून भिंतीवर टकटक झालं. एकदाच. मी उठून पळत सुटलो.

त्यानंतर इतके दिवस मी लिहू शकलो नाही. तू ते सगळं पाहिलंस, पण पाठमोरा. म्हणून माझ्या बाजूने काय दिसलं ते लिहितो.

चर्चसमोर मांडव घातला होता. तपासनीस खुर्चीवर, शेजारी आल्दाना पाय पसरून, मध्ये दुभाष्या लोरेन्सो. तो आपल्यातलाच, उत्तरेकडचा, पण पायात बूट. मी आसनावर. गाव समोर. सगळे ठरल्याप्रमाणे माझ्या तोंडाकडे बघत होते. तपासनीस खूश झाला. "बघा, किती निष्ठेने बघताहेत," असं काहीतरी म्हणाला. माझं नाव लिहायला त्याने लेखणी उचलली.

तेवढ्यात लोरेन्सो त्याच्या कानाशी लागला. मला ऐकू आलं, मला त्यांची भाषा येते हे तो विसरला असावा. "हुजूर, आमच्यात खऱ्या प्रमुखाकडे कुणी बघत नाही. पाठ करतात. हे सगळे बघताहेत, म्हणजे हा खरा नव्हे."

तपासनिसाने लेखणी खाली ठेवली. आल्दाना मोठ्याने हसला. "म्हणजे गावाला प्रमुखच नाही. लिहा तसं."

"यांना सांग," तपासनीस लोरेन्सोला म्हणाला, "हा त्यांचा प्रमुख असेल तर त्यांनी त्यांच्या रिवाजाप्रमाणे दाखवावं. आत्ता."

मी गावाकडे पाहिलं. फादरनी डोळे मिटले होते. पुजारी जमिनीकडे बघत होता. पाठ केली की खोटं खरं होणार, तू कायमचा संपणार. पाठ नाही केली तर गाव उठणार, मका उभ्याचा उभा आल्दानाच्या गुरांच्या तोंडी जाणार. कुणी हलेना. आत्या माझ्याकडे बघत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पापणी लवू देत नव्हती. मी काहीतरी म्हणायला हवं होतं. 'मी नाही, तो आहे,' असं म्हणायला हवं होतं. मी गप्प बसलो. ते भीतीने की आणखी कशाने, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग चर्चच्या भिंतीआडून एक माणूस आला. डोक्यावरून चादर, आणि सपाट जमिनीवर पायऱ्या शोधल्यासारखा पाय टाकणारा. मला आधी तू वाटलाच नाहीस. इतका बारीक. तू मध्यभागी आलास आणि चादर काढलीस. डोक्यावर भर दुपारचं ऊन. अंधारात ठेवलेल्या बटाट्याला धुमारे फुटतात तसा तुझा चेहरा, पांढरा.

गावाच्या तोंडून एक आवाज निघाला. आत्याने तर हातच पुढे केले, जसं काही ऊन अडवता येईल.

तू डोळे मिटले नाहीस. पाण्याने भरलेल्या डोळ्यांनी तू माझ्याकडे पाहिलंस. सरळ, पुरतं, एकदा. मी ते नीट लक्षात ठेवलं आहे. तुझी डावी भुवई अजून तशीच वर जाते. मग तू वळलास, माझ्याकडे पाठ केलीस आणि वाकलास.

पुजारी वळला. मग बाकीचे, एकेक करून. आत्या सगळ्यांत शेवटी. तपासनीस म्हणाला, "आता बरोबर," आणि त्याने माझं नाव लिहिलं. आल्दानाने कुत्र्यांना शीळ घातली आणि निघून गेला.

ऊन लागलं, नेउता. वर्षं भरायच्या आत. आता तू कधीच बसू शकणार नाहीस, आणि हे गावात सगळ्यांत चांगलं तुला ठाऊक होतं.

गास्पार


जानेवारी, मका घरात आला

नेउता,

मडकं आत्याने तुला दिलं हे कळलं. अंगणात बसून तू ही पत्रं वाचतोस, डोळ्यांतून पाणी गळतं म्हणून मध्येमध्ये थांबतोस, असं फादर म्हणाले. ते आता सगळं समजले आहेत. त्यांना राग आला नाही.

गाव नीट आहे. ओढ्याच्या अलीकडे एकही गाय नाही. आता मी जिथे जातो तिथे पाठी असतात. ओढ्यावर बायकांच्या पाठी, वाटेवर म्हाताऱ्यांच्या. आत्या मला जेवण आणते आणि दाराकडे तोंड करून ठेवते. मी म्हटलं, "आत्या, मला चिमटा तरी काढ." ती म्हणाली, "प्रमुखाला कसा काढू?" मीठ मात्र ती आता घालते. जरा जास्तच घालते.

फक्त माझा मामा बघतो, कारण तो इथला नाही. आला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "वाळलास रे." मला इतकं बरं वाटलं की मी त्याला दोन दिवस जाऊच दिलं नाही. ढेप फोडून तुला पहिला खडा त्याने दिला. तो मी देणार होतो. तू तोंडात घातलास आणि थुंकलास, म्हणे. "इतकी वर्षं ज्याच्यासाठी झुरलो ते हे?" असं म्हणालास, म्हणे. मला कुणीतरी सांगायला लागतं, कारण त्या वेळी तुझं तोंड पलीकडे होतं.

मला प्रमुखाचं काहीच येत नाही. कुठल्या देवाला कधी काय द्यायचं, भांडण कसं मिटवायचं, पाऊस लांबला तर काय बोलायचं, हे सगळं तुला अंधारात शिकवलं आणि बसलो मी. म्हणून तू रोज येतोस, आसनामागे माझ्याकडे पाठ करून बसतोस आणि सांगतोस. आपल्या दोघांच्या पाठी जवळजवळ टेकतात. तुझ्या भिंतीशी टेकून बसलो होतो त्या दिवसासारखंच आहे हे, फक्त भिंत नाही.

समोर असूनही लिहितो, ते याचसाठी. पत्राकडे तुला बघता येतं.

परवा मी विचारलं, "प्रमुखाने हुकूम दिला की माझ्याकडे बघ, तर माणसाने काय करायचं?"

तू म्हणालास, "बघितलं तरी शिक्षा, हुकूम मोडला तरी शिक्षा. मला असंच शिकवलंय."

मी मागे वळून पाहिलं तर तुझे खांदे हलत होते. तू हसतोस तेव्हा तुझे खांदे हलतात, हे मला शाळेपासून माहीत आहे. मीही हसलो. पण रात्री जेवताना आठवलं की रडतानाही माणसाचे खांदे तसेच हलतात, आणि पाठीकडून मला ते ओळखता येत नाही. कुणाला विचारायची सोय नाही. आत्या तुझ्यासमोर बसली होती, पण ती सांगणार नाही.

तेवढं एक लिहून कळव. तू हसत होतास ना?

गास्पार